आभारप्रदर्शन

बावीस वर्षं मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात
शेवटचा माइक माझ्याकडे यायचा.
'आभार मानतील सौ. शैलजाताई टोकेकर'
म्हणेपर्यंत निम्म्या खुर्च्या रिकाम्या,
उरलेल्यांचे पाय चपला शोधत,
आणि मागे खिचडीच्या पातेल्याचं झाकण वाजलेलं.

मी मानायचे. घाईघाईत, वरच्या पट्टीत:
अध्यक्षांचे, पाहुण्यांचे, मंडपवाल्याचे,
सतरंज्या देणाऱ्या शाळेचे,
आणि सरतेशेवटी ती ठरलेली ओळ,
'ज्या ज्ञात-अज्ञात हातांनी मदत केली, त्या सर्वांचे.'
अज्ञात म्हणताना माझा हात दाराकडे हलायचा,
माशी वारावी तसा.

दाराबाहेर हे. स्कूटर तिरकी करून,
किक मारायच्या बेतात.
थंडीचे दिवस असले तर डिक्कीत माझी शाल.
यांचं नाव यादीत कधीच नव्हतं.
घरच्यांचे कसले आभार, लोक हसतील.

मग पत्रिकेवर सौ.चं श्रीमती झालं.
मी रिक्षानं जाऊ लागले.
आणि एका कोजागिरीला, 'ज्ञात-अज्ञात'पाशी
जीभ अडली ती अडलीच.
लोकांना वाटलं, माइक गेला.

मंडळ सोडलं. सवय सुटेना.
सकाळी डोळा उघडला की यादी सुरू,
आणि ऐकायला कुणी नाही.

आमच्या गल्लीत नर्मदा एक दिवसाआड येते,
पहाटे पाचला, पाऊण तास.
'पाणी आलं का' असं कुणी विचारत नाही,
'नर्मदा आली का' विचारतात,
जणू गावाहून चुलत सासूबाई यायच्यात.
ती घाट चढून इंदुरात येते, ठाऊक होतं.
पण कोपऱ्यावरच्या लोखंडी झाकणाखालून
तिला रोज सोडतं कोण,
हे सदतीस वर्षांत मी पाहिलं नव्हतं.

म्हणून एका मंगळवारी, पाचाला दहा कमी असताना,
स्वेटर चढवून, थर्मास घेऊन कोपऱ्यावर गेले.
माणसाएवढी उंच चावी खड्ड्यात घालून
एक जण तिच्याभोवती गोल फिरत होता,
घाण्याच्या बैलासारखा, मुकाट्यानं.
मला पाहून थांबला. चेहरा कसनुसा.
'क्या हुआ माताजी, पानी नी आया?'
'आया.'
'गंदा आ रिया है?'
'नहीं. अच्छा आ रहा है.'
'फिर? प्रेशर?'
मी म्हटलं, 'आया, यही बताने आई हूँ.'

बावीस वर्षांत एवढं छोटं भाषण मी केलं नव्हतं.
आणि श्रोता जागचा हलला नव्हता.

भेरूलाल त्यांचं नाव. एकोणीस वर्षं याच कामावर.
खिशातून एक डायरी काढली, तक्रारींची:
घर नंबर, गल्ली, किती वाजता, काय शिव्या.
पेन उघडलं, पान उलटलं, पेन मिटलं.
'इसको कहाँ लिखूँ?'
मलाही ठाऊक नव्हतं.
चहा प्यायलो. साखर जास्त झाली होती,
ते तेवढं त्यांनी सांगितलं.

गुरुवारी नळ पाच मिनिटं जास्त चालला म्हणे.
शेजारच्या मुंगीबाईंनी घड्याळ लावून पाहिलं.
मी नाही.

आता यादी एकदम वाचत नाही.
कचरागाडीवरची मुलगी ओला-सुका तपासते
तेव्हा तिला तिथेच, गाडीचा भोंगा सुरू असतानाच.
पाठीचं टोक चढवून देणाऱ्या शिंप्याला
दुकानातून उतरायच्या आत.
कधी चुकतंही. परवा लिफ्टमधल्या एका मुलाला
धन्यवाद म्हटलं, तर कानात त्याच्या ती बोंडं,
'हॅलो?' म्हणाला, फोनवर कुणालातरी.

मंडळाचं बोलावणं पुन्हा आलंय, संक्रांतीचं.
म्हटलं, येईन. पण आभार आधी.
खुर्च्या भरलेल्या असताना.
सेक्रेटरी म्हणाले, तशी पद्धत नाही.
विचारून सांगतो म्हणाले.

स्कूटर पोर्चमध्येच आहे. टायर बसलेत.
भंगारवाला दर महिन्याला भाव वाढवतो.
पहाटे थर्मास घेऊन निघताना
सीटवर क्षणभर हात टेकते.
दव असतं. पुसते.
बोलत काही नाही.
घरच्यांचे कसले